आरशासमोरच्या चौघी

‘‘ताई, जरा उजळ करा हं.’’

दुबईत रंगभूषेचं काम करताना हे वाक्य मी मराठीत ऐकलं, हिंदीत ऐकलं, आणि ज्यांना दोन्ही येत नव्हतं त्यांनी गालावर बोट ठेवून खुणेनं सांगितलं. बाई कोणतीही असो, आवाज मात्र एकच. दबका, लाडीगोडीचा, केमिस्टच्या दुकानात काही खाजगी मागावं तसा. नवऱ्यासमोर बोलायच्या नाहीत, मुलीसमोर बिनदिक्कत बोलायच्या.

मी मूळची सांगलीची. कॉलेजात असताना तिथल्या एका हौशी नाटकमंडळीत काम मागायला गेले. नटी म्हणून कोणी घेतलं नाही, म्हणून मेकअपवाल्या काकांच्या हाताखाली बसले आणि तिथेच रमले. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी दुबईला आले. बर दुबई भागात, मीनाबाजारच्या मागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं आणि पलंगाखाली माझी रंगाची पेटी. गणपतीत मराठी मंडळी नाटक बसवायची, तिथून सुरुवात झाली. मग शाळांची गॅदरिंग आली, लग्नं आली, कंपन्यांचे फॅमिली डे आले. आता गुडघे बोलायला लागलेत. इथल्याच सिलिकॉन ओएसिस वस्तीत मुलाकडे राहते, नातवंडांशी मराठीत बोलते आणि त्यांची इंग्रजीतली उत्तरं ऐकते. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा निरोप आला तेव्हा सूनबाई म्हणाली, चांगलं चांगलं लिहा. बघू कितपत जमतंय.

आधी या कामाबद्दल थोडं सांगते, कारण रंगभूषा म्हणजे तोंडाला रंग फासणं असा बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांचा समज आहे. स्टेजवर दिवे पेटले की माणसाचा चेहरा पुसला जातो. नाक सपाट होतं, डोळे खोल जातात, ओठ नाहीसे होतात. मागच्या रांगेतल्या माणसाला वर नुसती एक फिकट थाळी दिसते. त्या थाळीत नाक, डोळे, ओठ परत आणून ठेवायचे, एवढंच आमचं काम. त्यासाठी आधी बेस लावायचा, आणि तो ज्याच्या त्याच्या कातडीच्या रंगाचाच लागतो. सावळ्या मुलीला गुलाबी बेस फासला की ती गोरी होत नाही, राखाडी दिसते. घाम आला की गळ्याशी ओघळ येतात आणि तिचा तिलाच पत्ता नसतो. हे मी कित्येक आयांना समजावलं. त्या मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, ‘‘हो, कळलं. पण जरा उजळ.’’

एकदा बालनाट्यात कृष्णाचं काम करणारा एक मुलगा होता. त्याची आई आयटीतली, मोठ्या हुद्द्यावरची. म्हणाली, कृष्ण निळा करा. मी म्हटलं, अहो, नावातच काळा आहे तो. तर म्हणाली, ते ठीक आहे, पण आपण निळा करू, आणि त्यातही आकाशी. गडद निळा फोटोत काळा येतो. मी आकाशी केला. हॉलचा एसी बिघडला आणि दुसऱ्या अंकात कृष्णाच्या खिशात पेन गळल्यासारखं सगळं खाली उतरलं. आईनं मला बोल लावला. देवाला कोणी बोल लावला नाही, तो काळाच होता.

दुसरी आठवण अबुधाबीतल्या एका लग्नाची. नवरी बँकेत अधिकारी, स्वतःच्या हिमतीवर आलेली, सावळी आणि विलक्षण देखणी. तिनं मला आधीच बजावलं होतं, माझा रंग बदलायचा नाही. मी खूश. मांडवात मात्र मुलाच्या मावशीबाई जवळ आल्या, पर्समधून ओला टिश्यू काढला आणि कौतुक केल्यासारखं दाखवत नवरीचं मनगट घासून बघितलं, काही निघतंय का म्हणून. नवरीनं तो टिश्यू त्यांच्या हातातून शांतपणे घेतला, उलटा केला आणि मावशीबाईंचं मनगट घासलं. टिश्यूवर गुलाबी डाग आला. लग्न झालं, टिकलंही. मावशीबाई त्यानंतर कुणाच्या मांडवात पुढे पुढे करताना दिसल्या नाहीत.

अशी सगळी वर्षं माणसं उजळ करण्यात गेली. आणि मग एका हिवाळ्यात, गॅदरिंगच्या ऐन हंगामात, मला फोन आला की तीन मुलींना काळं करायचंय.

फोन एका शाळेतून होता. शाळा आपल्याच लोकांची, पण नावात इंटरनॅशनल हा शब्द असलेली, म्हणून फी आणि अहंकार दोन्ही त्या मापाचे. तिथल्या कार्यक्रमांच्या कोऑर्डिनेटर चित्रा मॅडम मला बऱ्याच वर्षांपासून ओळखत होत्या. पुण्याच्या. बोलणं अतिशय गोड, आणि दर दोन वाक्यांनंतर अरबी ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला, चला. शाळेत सलोख्याचा म्हणून एक आठवडा साजरा व्हायचा. झेंडे, निरनिराळ्या देशांचे पदार्थ, पोरींचे नाच. त्या वर्षी एका नव्या अमेरिकन टीचरनं एक छोटा प्रसंग बसवला होता. ‘‘नीलाताई, चार निग्रो मुली आहेत त्यात. एक केतकी आहे, ती आहेच. उरलेल्या तिघींना तिच्या मॅचिंगचं करायचं,’’ असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हा शब्द आता वापरत नाहीत म्हणे. तर त्या म्हणाल्या, आपल्यात आपल्यात चालतं.

मी पेटी उघडून बघितली. माझ्याकडे गडद छटाच नव्हती. आजवर कोणी मागितलीच नव्हती.

काम समजून घ्यायला मी तालमीला गेले. टीचरचं नाव लोरेटा. पन्नाशीची, उंच, काळी, केस अगदी बारीक कापलेले. मुलांना ‘सर’ आणि ‘मॅम’ म्हणून हाक मारायची, आणि गंमत म्हणजे मुलं त्या हाकेला जागायची. तिनं मला प्रसंग समजावून सांगितला. ती इंग्रजीत बोलली, मी माझ्या शब्दांत लिहिते.

साठच्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांना गोऱ्यांच्या शाळेत जागा नव्हती, हॉटेलात, बसमध्ये बरोबरीनं बसायची सोय नव्हती. ते लोक हक्कांसाठी रस्त्यावर उतरले होते आणि एका शहरात त्यांच्या सभा चर्चमध्ये भरायच्या. एका रविवारी सकाळी गोऱ्या वंशद्वेष्ट्यांनी त्या चर्चच्या पायऱ्यांखाली बॉम्ब ठेवला. त्या दिवशी प्रार्थनेचा मान मुलांचा होता. तळघरातल्या बायकांच्या खोलीत काही मुली आवरत होत्या. कुणी केस सारखे करत होतं, कुणी दुसरीच्या फ्रॉकचा पट्टा बांधत होतं. त्यातल्या चौघी तिथेच गेल्या. त्यांच्यातली सगळ्यात लहान तर अकरा वर्षांची होती. ज्यांनी हे केलं त्यांना शिक्षा व्हायला इतकी वर्षं लागली की तोवर काही म्हातारे झाले होते.

लोरेटाचा प्रसंग एवढाच होता. चार मुली आरशासमोर आवरताहेत. शाळेतल्या गमतीजमती बोलताहेत. मग अंधार. मग दिवे लागल्यावर आपल्या शाळेच्या याच चार मुली पुढे येऊन काय घडलं ते दोन वाक्यांत सांगतात, त्या चौघींची नावं घेतात आणि सगळे जण एक मिनिट शांत उभे राहतात.

मी काही अमेरिकेत गेलेली नाही, इतिहास शिकलेली नाही. पण ती खोली मला ठाऊक होती. आरशासमोर दाटीवाटीनं उभ्या राहिलेल्या मुली, तोंडात धरलेल्या पिना, ‘माझं आधी, माझं आधी’ म्हणणं, एकीनं दुसरीची वेणी घट्ट ओढली म्हणून झालेलं भांडण. मी जन्मभर त्याच खोलीत उभी आहे. हातात कंगवा घेऊन, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच्या त्या गडबडीत. बॉम्ब ठेवणाऱ्यांनी जगातली सगळ्यात निरुपद्रवी खोली निवडली होती.

मी चित्रा मॅडमच्या समोरच लोरेटाला विचारलं, तिघींना किती गडद करायचं. तिला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिनं चित्रा मॅडमकडे बघितलं. मग मला म्हणाली की कोणालाही काही लावायचं नाही. या मुली त्या मुलींची सोंगं काढत नाहीयेत, त्यांची आठवण काढताहेत. आठवण आपल्या स्वतःच्या चेहऱ्यानं काढायची असते. चित्रा मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, ऑफकोर्स, ऑफकोर्स.

पण समिती नावाचा प्राणी अजून जागा व्हायचा होता. पुढच्या तालमीला गेले तेव्हा प्रसंगाची हजामत झाली होती. ‘चर्च’ काढून ‘हॉल’ केला होता, कारण धर्माचा विषय नाजूक. ‘गोरे’ हा शब्द गेला, कारण शाळेत ब्रिटिश पालक होते आणि त्यांना वाईट वाटलं असतं. गोऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून आपली माणसं जितकी झटतात तितके खुद्द गोरेसुद्धा झटत नसतील. ‘बॉम्ब’ लहान मुलांना घाबरवतो म्हणून त्याच्या जागी ‘एक दुर्दैवी घटना’. म्हणजे आता चार मुली एका हॉलमध्ये वेणीफणी करत होत्या आणि दुर्दैवी घटना घडली. बघणाऱ्याला वाटावं गॅस गळती झाली. एक मिनिटाची शांतता दहा सेकंदांवर आली होती, कारण प्रमुख पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम होता. आणि शेवटी सगळ्यांनी हात धरून इंद्रधनुष्याचं गाणं.

लोरेटा भांडली. शेवटी तिला सांगण्यात आलं की असाच होईल, नाहीतर होणार नाही. त्या दिवशी ती रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या सरळ करत राहिली, ते तिचं काम नसताना.

त्याच आठवड्यात केतकीची आई घरी आली. वैशाली आमच्या ओळखीतली, गणपतीत भेटणारी. नवरा एका इंजिनिअरिंग कंपनीत, ती स्वतः अकाउंट्समध्ये. केतकी बरोबर होती. पंधरा वर्षांची, इथेच जन्मलेली, बापाच्या वळणावर गेलेली काळीसावळी, आणि आवाज असा की एकदा ऐकला की मान वळावी. ती सोफ्यावर फोन घेऊन बसली. वैशालीनं चहा अर्धा ठेवला आणि ते ‘जरा उजळ’चं वाक्य उच्चारलं.

मी म्हटलं, अगं, तुझी लेक काळ्या मुलीचं काम करतेय. त्या मुली काळ्या होत्या म्हणून मेल्या. आणि तू मला तिला गोरी करायला सांगतेस?

वैशालीचे डोळे भरले. ती वाईट बाई नव्हती. तिचं म्हणणं असं की व्हिडिओ नाशिकला जातो. सासूबाई दर व्हिडिओ कॉलला पहिलं वाक्य तेच बोलतात, दुबईच्या उन्हानं पोर करपली. जावा ऐकत असतात. आणि आता वर्गातली मुलं केतकीला म्हणताहेत की टीचरला काळी मुलगी हवी होती, म्हणून तुला घेतलं. ‘‘मलाही तेच वाटतं, ताई,’’ वैशाली म्हणाली. ‘‘नाहीतर हिला कधी पुढे घेतात का? दर वर्षी मागच्या रांगेत असते.’’

सोफ्यावरून फोनमधून मान न काढता केतकी म्हणाली, ‘‘मे बी शी डिड, मम्मा. सो व्हॉट. आय विल ड्रॉप आउट.’’

तिनं ते इतक्या सहज म्हटलं, की ती आधीच बाहेर पडलीय हे मला कळलं. मी तिला म्हटलं, सोडायचं तर सोड, पण आधी तुझ्या टीचरला विचार. आणि वैशालीला मी स्वच्छ सांगितलं की माझ्या हातून हे व्हायचं नाही. ती गेली. चहा तसाच राहिला.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्हाला मेकअपसाठी जीवशास्त्राची प्रयोगशाळा दिली होती. भिंतीला टेकून उभा केलेला आरसा, बरणीत बेडूक, आणि खुर्च्यांवर माझ्या चौघी. एक लेबनीज, एक पंजाबी, एक काश्मीरकडची, आणि केतकी. ती आली होती. पण तिच्याकडे बघून मला गलबलून आलं. वैशालीनं माझा नाद सोडून तिला करामामधल्या एका पार्लरमधून तयार करून आणलं होतं. तोंड पिठात बुडवल्यासारखं, मान काळी, कान काळे, आणि मध्ये तिचे डोळे.

मी काही बोलायच्या आत चित्रा मॅडम आल्या, हातात कसलीशी ट्यूब घेऊन. ब्राँझर होता, उन्हात रापल्यासारखं दाखवायला गोऱ्या बायका लावतात तो. म्हणाल्या, ‘‘मी व्यवस्था केलीय. यल्ला, नीलाताई, पटकन. तिघींना डार्क करा, आणि केतकीला कोणी एवढं फेअर केलं? तिलाही जरा खाली आणा. सगळ्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत.’’ मी म्हटलं, असं ठरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, प्रेक्षकांना कळायला नको का? आणि माझी वाट न बघता स्वतःच स्पंज घेऊन लेबनीज मुलीच्या गालावर सुरुवात केली. मुलगी बिचारी डोळे मिटून बसली. मोठ्या माणसांपुढे मुली तशाच बसतात.

एक गाल झाला आणि दारात लोरेटा उभी होती.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती आली, खुर्ची ओढून त्या मुलीशेजारी बसली आणि चित्रा मॅडमना विचारलं, हे काय आहे. चित्रा मॅडम म्हणाल्या की आमचा हेतू चांगला आहे, खरं वाटावं म्हणून करतोय.

लोरेटा म्हणाली, ‘‘माझी आई त्या वर्षी या मुलींएवढी होती, त्याच राज्यात. तिच्या शहरात गोरे पुरुष तोंडाला काळं फासून स्टेजवर नाचायचे आणि लोक पोट धरून हसायचे. कार्यक्रम संपला की ते तोंड धुऊन घरी जायचे. माझ्या आईला ते धुता येत नव्हतं.’’

चित्रा मॅडमच्या हातातला स्पंज तसाच वर राहिला होता. त्या म्हणाल्या, ‘‘पण आपण हसणार नाही आहोत ना.’’ हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. मला वाटतं, त्या बाईंना आजही कळलं नसेल.

लोरेटानं माझ्याकडे हात पुढे केला. मी कोल्ड क्रीम आणि कापूस दिला. मग वाटलं, हे माझं काम आहे, तिनं का करावं. मी तो परत घेतला आणि त्या मुलीचा गाल पुसला. चित्रा मॅडम ‘मग मी जबाबदार नाही, खलास’ असं काहीसं म्हणत बाहेर गेल्या.

तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून केतकी म्हणाली, ‘‘आंटी, माझंपण काढा.’’ मराठीत म्हणाली.

मी पुसायला लागले. पार्लरवाल्यांनी चांगला जाड थर दिला होता, कापसाचे बोळेच्या बोळे पांढरे झाले. खालून हळूहळू तिचं कपाळ आलं, मग गाल, मग हनुवटी. तिनं आरशातून लोरेटाकडे बघितलं आणि विचारलं, खरं सांगा, मला माझ्या रंगामुळे घेतलंत का.

लोरेटा म्हणाली की निवडीच्या दिवशी मी तुम्हा सगळ्यांकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत होते, आठवतंय? मला चेहरे बघायचेच नव्हते. ‘‘तुझं पहिलं वाक्य ऐकलं आणि मी वळले. वळल्यावर मला तू दिसलीस. मला आनंद झाला, हे मात्र खोटं कशाला बोलू.’’

केतकी हसली नाही, रडली नाही. तिनं मान सरळ केली आणि मला म्हणाली की केस घट्ट बांधा, सुटता कामा नयेत.

त्या दिवशी मी चौघींना तेल पुसण्यापुरती पावडर लावली, डोळ्यांना रेघ दिली आणि वेण्या घातल्या. तेवढंच.

विंगेतून मी प्रसंग बघितला. पुढच्या रांगेत सोफे, सोफ्यांवर पाहुणे, पाहुण्यांपुढे काजूबदामाच्या वाट्या. मागे पालक, फोन वर करून. चौघी आरशासमोर बडबडत होत्या. पंजाबी मुलगी गणिताच्या टीचरची नक्कल करत होती, लोक हसले. केतकी तिच्या पाठीमागे उभी राहून तिच्या फ्रॉकचा पट्टा बांधत होती. अंधार झाला. अंधारात कुणीतरी खोकलं.

दिवे लागले आणि चौघी पुढे आल्या. ठरलेलं वाक्य केतकीचं होतं, त्या हॉलचं आणि दुर्दैवी घटनेचं. तिनं एकदा श्वास घेतला आणि तालमीच्या पहिल्या दिवशी शिकवलेलं वाक्य म्हटलं. रविवारी सकाळी गोऱ्या माणसांनी चर्चखाली बॉम्ब ठेवला, कारण आत काळी मुलं होती. इंग्रजीत, एकही शब्द न गाळता. मग चौघींनी एकेक करून त्या चार मुलींची नावं घेतली आणि गप्प उभ्या राहिल्या.

दहा सेकंदांनी इंद्रधनुष्याचं गाणं सुरू व्हायचं होतं. कीबोर्डपाशी संगीत शिक्षक होते. ते केतकीकडे बघत राहिले आणि त्यांनी गाणं सुरू केलं नाही. प्रमुख पाहुण्यांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्याच्या टाळ्या किती केविलवाण्या वाटतात ते त्यांनाही कळलं आणि ते थांबले. मागे पालकांचे फोन एकेक करून खाली आले. मग कोणीतरी उभं राहिलं. मग बरेच जण. सगळे नाही, पण बरेच. शेवटी पाहुण्यांनाही उठावं लागलं, मांडीवरची वाटी सांभाळत.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. त्या शाळेतून मला परत कधी बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी सलोख्याच्या आठवड्यात फुलपाखरांचा नाच होता, असं ऐकलं. लोरेटा वर्ष संपल्यावर अबुधाबीच्या दुसऱ्या शाळेत गेली. गेली की जायला लावली, मला ठाऊक नाही. तिथे ती दर वर्षी तोच प्रसंग वर्गातल्या वर्गात करते, पाहुणे न बोलावता, आणि पूर्ण वाक्यासकट. मी दोनदा जाऊन आले. मुली दर वेळी वेगळ्या असतात. नावं तीच घेतात, आणि ती ऐकताना दर वेळी वाटतं की त्या सकाळीही कोणीतरी मागे उभं राहून त्यांचे केस बांधले असतील. चित्रा मॅडम प्रमोशन घेऊन वर गेल्या. त्यात नवल काही नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशी कार्यक्रमानंतर प्रयोगशाळेत जे झालं ते.

मी पेटी आवरत होते. केतकी बुटाची नाडी बांधत होती. वैशाली तिला न्यायला आली होती आणि दाराशीच उभी होती. केतकीचं पुसलेलं तोंड तिनं स्टेजवर बघितलंच होतं. आता आपली लेक आपल्यावर चिडली आहे की काय, हे न कळल्यासारखी ती पर्सचा पट्टा चाळवत होती.

तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांच्या पत्नी आत आल्या. भारी साडी, भारी अत्तर. मेकअपवाली कोण असं विचारलं आणि माझा हात हातात घेतला. हिंदीत म्हणाल्या, बाकीच्या तिघींचं ठीक होतं, पण ती जी मधली मुलगी होती ना, तिला तुम्ही काय हुबेहूब काळं केलंत. खरी वाटत होती. कोणतं प्रॉडक्ट वापरलंत? आमच्या सोसायटीतही कार्यक्रम आहे.

केतकीचे हात नाडीवर थांबले. तिनं वर बघितलं नाही. इतका वेळ स्टेजवर ताठ उभी असलेली पोर एवढ्याशा बाईपुढे वाकूनच राहिली. मला बोलायचं होतं. माझ्या तोंडात जे आलं होतं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

पण दारातून वैशाली पुढे आली. तिनं बाईंचं बोलणं ऐकलं होतं. ती केतकीजवळ गेली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाईंकडे बघून हिंदीतच, सावकाश, अकाउंट्समध्ये आकडा सांगतात तशा आवाजात म्हणाली, ‘‘काही लावलेलं नाहीये. ही माझी मुलगी आहे. ती अशीच दिसते.’’

बाईंचा हात माझ्या हातातून सुटला. ओह, सॉरी, सॉरी, असं म्हणत त्या मागे सरल्या. केतकीनं मान वर केली. बाईंकडे नाही, आईकडे बघायला. वैशाली खाली बसली आणि तिच्या बुटाची राहिलेली नाडी बांधू लागली. पंधरा वर्षांच्या मुलीच्या बुटाची नाडी. केतकीनं बांधू दिली.

बाई दारापर्यंत गेल्या होत्या. तिथे थांबून त्यांनी पुन्हा एकदा वळून बघितलं, आणि सांत्वन करावं तशा म्हणाल्या, ‘‘बट व्हेरी नॅचरल.’’